घडीचा स्वस्त हेडफोन की महागडा?

प्रश्न: स्वस्तातला घडी होणारा हेडफोन घेऊ की थांबून महागडा? आवाजात खरंच एवढा फरक पडतो का हो?

उत्तर: पडतो, पण किमतीएवढा नाही. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा स्वस्तातला हेडफोन १९८४ पासून आहे, घडी होतो आणि अजून विकला जातो, तेव्हा स्वस्त म्हणजे टुकार असं अजिबात नाही. महागड्यात गाणं मोकळं होतं, तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) 'ना' हा बोल सुट्टा ऐकू येतो, गायकाचा श्वास कळतो, पण हे शांत खोलीत हं, बसमध्ये सगळं इंजिनात बुडतं कारण फोमवाले ओपन (मागून उघडे) हेडफोन बाहेरचा आवाज अडवतच नाहीत. बॉक्सवरचा २० ते २०,००० हर्ट्झ हा आवाजाच्या पट्ट्याचा आकडा सोडा, तो जवळपास सगळेच छापतात. बिजागरी आणि प्लगजवळची वायर बघा, स्वस्तातले तिथेच जातात. प्रवासाला स्वस्तच घ्या.