निवेदनावर सही करण्यापूर्वी

कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा निवेदनाचा मसुदा, दोन्ही मिळाले. मसुदा मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो : ‘शालेय क्रीडा स्पर्धांतून खासगी शाळांना वगळावे, अथवा त्यांच्या स्पर्धा स्वतंत्र घ्याव्यात.’ खाली तू सह्यांसाठी जागा सोडली आहेस आणि निवृत्त असलो तरी पहिली सही माझीच हवी, असा आग्रह धरला आहेस. ती सही मी आज करत नाही. राग मानू नकोस. का करत नाही ते सांगतो, मग तू ठरव.

जिल्ह्याच्या कबड्डी सामन्याला मी आलो होतो, हे तुला ठाऊक नाही. पाण्याच्या टाकीमागे उभा होतो, कारण जुने सर कडेला दिसले की नव्या शिक्षिकेचा आवाज लहान होतो. दुपारचे साडेबारा झाले होते, ऑक्टोबरचे ऊन होते आणि मॅट उघड्यावर टाकलेली होती. तुझ्या मुली पहिल्यांदाच मॅटवर उतरल्या आणि त्याही अनवाणी. आपल्या काळ्या मातीत वळताना पाय किती सरकेल, याचा हिशेब मुलीच्या अंगात बसलेला असतो. तुझी पहिली चढाईपटू बोनस रेषेला पाय लावून त्याच हिशेबाने वळली. पाय सरकला नाही, मॅटने तो धरून ठेवला आणि तिचा गुडघा फिरला. बाहेर येऊन ती तुला गुडघ्याबद्दल काही बोलली नाही. ‘मॅडम, पाय भाजते जी’ एवढेच म्हणाली. समोरच्या बाराही जणींच्या पायांत एकसारखे बूट होते. मध्यंतरात तू हरून बसलेल्या दुसऱ्या एका संघाकडून चार जोड मागून आणलेस, त्यांतले दोन मोठे निघाले म्हणून पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेस. तेव्हा सामना बरोबरीचा नव्हता, हे मला पटवून देण्याची गरज नाही. मला एवढेच विचारायचे आहे की त्या दुपारची सारी विषमता ‘खासगी’ या एका शब्दात मावते का.

आपल्या तालुक्यातील खासगी शाळा एकेक करून डोळ्यांसमोर आण. नदीपलीकडच्या गावातील संस्थेचे विद्यालय कागदावर खासगीच आहे. पण शिक्षकांचे पगार शासन देते, मैदान आपल्यापेक्षा लहान आहे, आणि त्यातल्या अर्ध्या भागात पावसाळाभर पाणी साचते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली ती शेतकऱ्यांच्या मुलांना शिकता यावे म्हणून; तिच्या खेड्यापाड्यांतील शाळाही तुझ्या निवेदनाप्रमाणे बाहेर जातील. तू ज्या शहरात बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलीस, तिथले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्याच पथकाने तिथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले; तीही खासगी संस्थाच. उलट बाजूने पाहा. नवोदय विद्यालय केंद्र सरकारचे, पण ते साऱ्या जिल्ह्यातून परीक्षा घेऊन मुले निवडते आणि वसतिगृहात ठेवते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी तर चाचण्या घेऊन खेळाडूच निवडतात, त्यांना आहार देतात, मार्गदर्शक देतात. त्या पूर्णपणे सरकारी आहेत. तुझ्या मुलींना उद्या त्यांच्याशी खेळावे लागले, तर ‘खासगी’ हा शब्द तुझ्या काय उपयोगाचा?

तुला हरवणारी खासगी शाळा निवासी होती. तिच्या संघातील चौघी जूनमध्ये इतर जिल्ह्यांतून दाखला घेऊन आल्या, असे तू लिहिले आहेस, आणि ते खरे असावे. तुझ्या साडेतीन पानांच्या मसुद्यात माझ्या मते सर्वांत वजनदार वाक्य तेच आहे, आणि नेमके तेच तू तिसऱ्या पानावर, पंचांच्या तक्रारीच्या खाली टाकले आहेस.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी शाळेत असताना कुणालाच सांगितली नाही. नोकरीला लागून मला चार-पाच वर्षे झाली होती. शेजारच्या गावातील शाळेत एक मुलगा होता, उंच, लांब हाताचा. चढाईला गेला की रिकामा परतत नसे. मी त्याच्या वडिलांना वावरात जाऊन भेटलो. पऱ्हाटी निंदत होते. काम न थांबवता त्यांनी माझे ऐकले. मुलाची राहण्याची सोय आमच्या गावात त्याच्या आत्याकडे केली, दाखला काढून आणला आणि मुख्याध्यापकांना ‘कुटुंब इकडे येत आहे’ असे सांगितले, जे खोटे होते. त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो आणि गावाने आमची ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. त्या शेजारच्या शाळेचा संघ मात्र पुन्हा उभा राहिला नाही, कारण बारा मुले जेमतेम जमत असलेल्या शाळेतून एक मुलगा, तोही असा, गेला की उरलेल्या अकरांचा जीव त्या खेळात राहत नाही. तो मुलगा दहावीला गणित आणि इंग्रजीत नापास झाला. आत्याच्या घरी त्याच्या अभ्यासाकडे पाहणारे कुणी नव्हते. मी पाहायला हवे होते, आणि मी पुढच्या वर्षीच्या संघाच्या मागे लागलो होतो. त्या व्यवहारातील दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या होत्या. म्हणून मुले पळवण्याचा दोष फक्त खासगी संस्थांच्या माथी मारणाऱ्या कागदावर माझ्या हाताने सही होत नाही.

हा वाद आपल्याकडेच आहे असेही नाही. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याच्या मुलाच्या शाळेमुळे तिकडची पद्धत मला कळली. तिथे हायस्कूलच्या खेळांत सरकारी विरुद्ध खासगी हे भांडण जुने आहे आणि प्रत्येक राज्याने त्यावर आपापला तोडगा काढला आहे. टेक्सासमध्ये सरकारी शाळांची आणि बहुतेक खासगी शाळांची संघटनाच वेगळी आहे, म्हणजे तू मागतेस तसे. इलिनॉय राज्याचा मार्ग मला अधिक विचाराचा वाटला. तिथे शाळांचे गट पटसंख्येवरून पडतात, आणि ज्या शाळेला ठरलेली प्रवेशहद्द नाही, जी कुठूनही विद्यार्थी घेऊ शकते, तिची पटसंख्या १.६५ ने गुणण्याची पद्धत २००५ पासून आणली गेली. म्हणजे हजार मुलांची शाळा सोळाशे पन्नासची धरून वरच्या गटात खेळवायची. त्या नियमाने शाळेचा मालक कोण हे विचारलेले नाही, हद्द आहे की नाही एवढेच विचारले आहे, त्यामुळे हद्द नसलेली सरकारी शाळाही त्यात येते. १.६५ हाच आकडा का, यावर तिथेही लोक भांडतात, भांडोत. आपल्याकडे मात्र वयाचे १४, १७ आणि १९ असे गट आहेत, कबड्डीला वजनाची अट आहे, पण शाळेच्या आकाराचा विचार कुठेच नाही. आठवी ते दहावीच्या साठ-पासष्ट मुलींतून बारा जणी निवडणारी तुझी शाळा आणि हजारांतून, तेही चार जिल्ह्यांतून निवडणारी शाळा एकाच सोडतीत असतात.

स्वतंत्र स्पर्धा मागण्यात तुझ्या मुलींचे नुकसान कसे आहे, तेही पाहा. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे क्रीडागुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण, यांचा हिशेब स्पर्धा कोणत्या दर्जाची होती यावर बसतो. जिल्हा परिषदेच्या शाळांपुरती वेगळी स्पर्धा भरवली तर तिच्या प्रमाणपत्राला तोच मान मिळावा म्हणून तुला आणखी दहा वर्षे मंत्रालयाचे उंबरे झिजवावे लागतील. शिवाय राष्ट्रीय शालेय स्पर्धेला महाराष्ट्राचा एका वयोगटाचा एकच संघ जातो. वेगळ्या वाटेने वर चढलेल्या मुली कधीतरी त्याच मॅटवर येणार आणि तेव्हा बाकीच्या मुली त्यांच्यापेक्षा कितीतरी सामने जास्त खेळलेल्या असतील. आदिवासी विकास विभाग आपल्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा प्रकल्पापासून राज्यापर्यंत वेगळ्या घेतो, आणि त्याचा लाभ मी डोळ्यांनी पाहिला आहे : बुजरे मूल आपल्यासारख्यांत खेळून मोकळे होते. पण त्या स्पर्धांनी खुल्या स्पर्धेचे दार बंद केलेले नाही. तसा एखादा जादा मेळावा आपल्या शाळांसाठी तालुक्यात भरवायचा असेल तर जरूर भरवू, पंच म्हणून मी येईन.

तक्रारीत एक बारकी पण रास्त गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. सीबीएसईच्या शाळांसाठी त्या मंडळाच्या स्वतःच्या स्पर्धा असतात आणि त्यांतून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत मंडळाचा स्वतंत्र संघही जातो. त्यातल्या अनेक शाळा आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धेतही उतरतात. एका शाळेला वर जाण्याची दोन दारे आणि दुसरीला एकच, हे विचारण्याजोगे आहे. मात्र शांत शब्दांत विचार. त्या शाळांत शिकणारी मुलेही आपल्याच गावांतून पिवळ्या बसने जातात.

मग निवेदनात काय लिहावे? माझ्या मते पहिल्या पानावर बदलीचा नियम यावा. सांघिक खेळात, चालू शैक्षणिक वर्षात दुसऱ्या जिल्ह्यातून दाखल झालेल्या खेळाडूने त्या वर्षी नव्या शाळेकडून खेळू नये, अशी मागणी कर, आणि ती सर्व शाळांना लागू असावी असे स्पष्ट लिही. अपवाद मात्र विचार करून घाल. पालकांची नोकरीतील बदली हा अपवाद सर्वांनाच सुचतो. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या घराची मुलगी आजीकडे परत येऊन शाळेत बसते, तिच्यावर तुझ्याच नियमाचा बडगा पडायला नको. संशय असेल त्या खेळाडूबाबतचा आक्षेप सामन्याच्या ठिकाणी, नियमात दिलेल्या मुदतीत आणि लेखी द्यावा लागतो. महिन्याने लिहिलेल्या पत्राला किंमत नसते. तू त्या दिवशी मॅटच्या कडेला पंचांशी वाद घातलास, कागद दिला नाहीस. हे मी बोलून दाखवतो, कारण दुसरे कुणी दाखवणार नाही.

दुसरी मागणी मॅटची. तालुक्याला मातीवर आणि जिल्ह्याला मॅटवर खेळवणे ही शाळेच्या मालकीशी संबंध नसलेली, केवळ आयोजनाची गोष्ट आहे, म्हणून ती सुधारणेही सर्वांत सोपे आहे. तालुका सामनेही मॅटवर घ्यावेत, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक संघाला आदल्या दिवशी अर्धा तास सराव द्यावा आणि अनवाणी मुलीला मॅटवर उतरवू नये.

मैदानासाठी निवेदन नको, प्रस्ताव कर. क्रीडांगण विकास अनुदानाची योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत राबवली जाते. जागेचा उतारा, शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, अंदाजपत्रक, एवढे कागद जुळवून दिवाळी संपताच दे. मार्चच्या तोंडावर गेलेली फाइल पुढच्या मार्चपर्यंत झोपते. आपल्या मैदानाच्या उतरत्या कडेला सपाटीकरण किती लागेल, ते मी मागेच मोजून ठेवले आहे.

शिक्षकाच्या पदाबद्दल तू फार थोडे लिहिलेस, बहुधा स्वतःच तासिका तत्त्वावर असल्याने संकोच वाटला असेल. संकोच करू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान सांगितले आहे आणि सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. नववी-दहावीबद्दल तो कायदा काही बोलत नाही, आणि आपल्या मुली १७ वर्षांखालील गटात खेळतात त्या बहुतेक याच वर्गांतल्या. ही फट निवेदनात दाखव.

सोय मिळाली तर सरकारी शाळेचे मूल कुठवर जाते, याचा दाखला लांबून आणायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या मुलांना निवडून शासनाने रीतसर गिर्यारोहण शिकवले आणि मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. निवड, प्रशिक्षण, आहार, साहित्य, सारे काही त्यांना दिले गेले, तेव्हा कुणाला स्पर्धेतून वगळावे लागले नाही.

सरावाचे मात्र तुझ्या हातात आहे ते कर. मुली शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने येतात आणि सव्वापाचला त्याच बसने जातात. बस चुकली तर सहा किलोमीटर पांदण रस्ता. शाळा सुटल्यावरचा सराव त्यांच्यासाठी नाहीच, आणि सोयाबीनच्या सोंगणीत तर सकाळचाही नाही. मुख्याध्यापकांना सांगून आठवड्यातून दोनदा शेवटच्या दोन तासिका जोडून घे. मी अकरा वर्षे हेच मागत होतो आणि बाराव्या वर्षी मिळाले; तुला लवकर मिळेल, कारण नवे मुख्याध्यापक स्वतः खो-खो खेळलेले आहेत.

येत्या रविवारी मसुदा घेऊन घरी ये. पहिले पान आपण दोघे नव्याने लिहू आणि मग सही करू. येताना बाराही मुलींच्या पायांची मापे आण. जिनिंगच्या मालकांशी मी बोललो आहे, ते बुटांचे पाहतो म्हणाले. मापे मात्र विचारून घेऊ नकोस. बहुतेक जणी मोठ्या बहिणीची चप्पल घालतात आणि तिचाच नंबर सांगतात. प्रत्येकीला कागदावर उभी कर आणि पेन्सिलने पायाभोवती रेघ ओढून घे.

तुझा,
सर