केसरबाईंची तबकडी नेमकी कुठल्या पट्टीत?

फोंड्याच्या घरी माळ्यावर मिळालेल्या पेटीबद्दल तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. एक, जयपूर घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांवर आणि जत्रेतल्या मैफलींच्या कॅसेटींवर पांढरी बुरशी आहे, त्या वाजवाव्यात का? दोन, ‘जात कहाँ हो’ या भैरवीच्या इंटरनेटवर सापडलेल्या दोन प्रतींच्या पट्टीत, म्हणजे स्वराच्या उंचीत, जवळपास अर्ध्या स्वराचा फरक आहे, त्यातली खरी कुठली? दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. पण आधी बुरशी, कारण तिथे चुकलं तर पुढे ऐकायला काही उरणार नाही.

७८च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे आयसोप्रोपिल, कोलन, सॅनिटायझर यांपैकी काहीही त्यांना लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, लगेच स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून उभी वाळत ठेवा. तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नका. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. कडेला तडा असेल तर पाणी अजिबात नको, आत शिरून थर सुटतो. तिथे कोरडा ब्रशच बरा. बुरशी श्वासात जाते, म्हणून मास्क लावून ओसरीवर बसा. जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत धुतलेली तबकडी नीट सुकत नाही आणि पुठ्ठ्याचं जुनं पाकीट ओल धरून तीच बुरशी परत देतं. ती पाकिटं वेगळी ठेवा, तबकड्यांना नवी कागदी पाकिटं द्या आणि त्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

एलपीची सुई ७८वर लावू नका. तिचं टोक साधारण १८ मायक्रॉनचं, ७८च्या खाचेला ६५ ते ७६ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी धुळीत घासत जाते, म्हणून सगळीकडे खरखर ऐकू येते आणि लोक तबकडीला दोष देतात. सुईचा भार ४ ते ५ ग्रॅम ठेवा. हँडलच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने वाजवून बघायचा मोह टाळा, तिने खाच झिजते.

आता पट्टी. वेग ६ टक्क्यांनी वाढला की आवाज अर्धा स्वर चढतो, आणि त्याच प्रमाणात वेळ कमी होतो. ही भैरवी १९७७मध्ये नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. तिथे ती साडेतीन मिनिटांची आहे. तीच बाजू ६ टक्के जलद वाजवली तर ३ मिनिटं १८ सेकंदांत संपेल. म्हणून दोन्ही प्रतींत एक ओळखीची सम (तालाची पहिली मात्रा) आणि शेवटची सम धरून मधलं अंतर सेकंदात मोजा. पट्टी आणि वेळ दोन्ही एकाच प्रमाणात बदलले असतील तर फरक फिरकीच्या वेगाचा. पट्टी वेगळी पण वेळ तोच असेल, तर कुणीतरी संगणकावर पट्टी सरकवली आहे. ती प्रत सरळ बाजूला काढा.

वेगाचा फरक निघाला, तरी दोहोंतली खरी कुठली हे अजून ठरत नाही. ‘७८’ हा आकडा सोयीचा आहे. १९२५च्या आसपास विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या तबकड्या मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या या टप्प्यात कुठेही सापडतात. काही बाजूंवर तर सुरुवातीचा षड्ज (सा) आणि शेवटचा षड्ज वेगळा लागतो. केसरबाईंच्या तबकड्या त्यानंतरच्या, म्हणून तिथे फरक सहसा लहान असतो. तरी डोळे मिटून ७८ धरू नका.

हार्मोनियमच्या पट्टीवर षड्ज नेमका बसला म्हणजे वेग बरोबर, हा समज सोडा. तानपुरा आणि सारंगी दोन पट्ट्यांच्या मधेही जुळवलेली असू शकतात. दीनानाथ मंगेशकरांच्या नाट्यपदांच्या तबकड्यांत ऑर्गन आहे, तिथे आधार थोडा पक्का, पण जुन्या ऑर्गनचं ट्यूनिंग आजच्या प्रमाण ४४० हर्ट्झला असेलच असं नाही. जास्त भरवशाची खूण म्हणजे एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या बाजू. लेबलच्या भोवतीच्या कोऱ्या जागेत कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूच्या मुद्रणाचे क्रमांक) लागोपाठचे असतील तर दोन्हींचा षड्ज एक यायला हवा. नाही आला, तर निदान एक बाजू तरी चुकीच्या वेगाची. याशिवाय गाण्यातला ‘आ’कार ऐका. वेग जास्त असला की ‘आ’ चपटा होऊन ‘ॲ’कडे झुकतो, गमक (जोरकस हेलकाव्याचे स्वर) थरथरल्यासारखी लागते, तबल्याचा बायाँ (डग्गा) पोकळ वाटतो. केसरबाईंचा भरीव, मोकळा ‘आ’कार ज्याच्या कानात बसला आहे त्याला तीन टक्केही खटकतात. त्यांच्या नट कामोद, ललिता गौरी आणि कुकुभ बिलावल या रागांच्या तबकड्या एकामागून एक ऐका. त्यांच्या आवाजाचं वजन कानात बसलं की भैरवीचा निर्णय सोपा होईल. एवढी खटपट करायची ती यासाठी की मैफली मुद्रित होऊ द्यायला त्या राजी नसत. या तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूंवरच त्यांच्या गाण्याची बरीचशी ओळख उभी आहे.

तबकडी संगणकात उतरवताना फोनो प्रीॲम्पची, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, गोष्ट ध्यानात ठेवा. त्यातली आरआयएए वक्ररेषा (खालचे-वरचे स्वर किती वाढवायचे-दाबायचे याचं प्रमाण) १९५४च्या सुमारास प्रमाण ठरली. ७८ त्यातून गेली की वरचे स्वर दबतात, खाली घुमारा वाढतो. फ्लॅट (अशी वक्ररेषा न लावणारा) प्रीॲम्प नसेल तर संगणकावर आरआयएए उलटी करून एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांना साजेशी, २५० हर्ट्झच्या आसपास वळणारी वक्ररेषा लावा. दोन्ही चॅनेल वेगळे घ्या, मग मोनो करा; खाचेतली उभी खरखर बरीच कापली जाते. एक भिंत जास्त झिजलेली असेल तर फक्त चांगला चॅनेल ठेवा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली. क्लिक काढा, पण खरखर काढायच्या फिल्टरला माझा ठाम विरोध आहे. तो तानपुऱ्याचा झंकार आणि श्वास दोन्ही खातो, आणि जयपूर गायकीत श्वास कुठे घेतला, तान कुठे जोडली, हेच तर ऐकायचं.

कॅसेटींचं उलटं आहे. इथे हेडला आयसोप्रोपिल चालतं, रबराच्या रोलरला मात्र साबणाचं पाणी. फितीवर बुरशी दिसत असेल तर चांगल्या डेकमध्ये घालू नका, ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. स्क्रूचं कवच असेल तर उघडून रिळं नव्या कवचात घाला. स्पंजची दाबपट्टी निघाली असेल तर आवाज मंद आणि तुटक येतो. दुसऱ्या कॅसेटची बसवा. उन्हात वाळवू नका. सी-१२० (दोन तासांच्या) कॅसेटची फीत फार पातळ असते, ती फास्ट फॉरवर्डला जाऊ देऊ नका. वाजवण्याआधी हेडचा कोन मोनोवर ऐकत बारीक पेचकसाने फिरवा. ‘स’ आणि झांज सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा.

जत्रेतल्या मैफली बहुधा बॅटरीवरच्या रेकॉर्डरने घेतलेल्या असतात. बॅटरी उतरत गेली की मुद्रण होताना फीत हळू धावते, म्हणून आज वाजवताना गाणं शेवटाकडे चढत जातं. दर पाच मिनिटांनी तानपुऱ्याचा षड्ज मोजा. समजा काळी एक, म्हणजे १३८.६ हर्ट्झ, अपेक्षित आहे आणि १४२.८ मिळाला, तर तिथे वेग २.९ टक्क्यांनी कमी करायचा. ‘ऑडॅसिटी’ या संगणकाच्या प्रोग्रॅममधलं ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) वापरा, नुसतं ‘चेंज पिच’ नाही, कारण लयही तितकीच चढलेली असते. हळूहळू चढत गेलेल्या फितीला ‘स्लायडिंग स्ट्रेच’ लागतं. विजेवर घेतलेल्या कॅसेटीत मागे ५० हर्ट्झची गुणगुण असते, तीच मोजपट्टी, ५१.५ला दिसली तर फीत ३ टक्के जलद आहे. फक्त ती गुणगुण तुमच्या आजच्या डेकची नाही ना, हे रिकामी कॅसेट लावून तपासा.

मूळ फाइल न सुधारता वेगळी ठेवा आणि सुधारलेल्या फाइलच्या नावात तबकडीचा क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, धरलेला वेग आणि मिळालेला षड्ज लिहा. पेटीतल्या तबकड्यांची यादी इथे टाकाल तेव्हा भैरवीच्या तुमच्या तबकडीचा मॅट्रिक्स क्रमांक आधी द्या, लगतच्या क्रमांकाची बाजू कुणाकडे असली तर षड्ज ताडून बघता येईल.