आर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक्स बोर्ड) बनवलेलं अलार्म घड्याळ रोज मागे पडतं आणि अलार्मचा भरवसा नाही, काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की डिले १००० (हजार मिलिसेकंद थांब, ही कमांड) टाकून सेकंद मोजताय, घड्याळ दिवसाला तीन-चार मिनिटं मागे पडतं आणि अलार्म कधी वाजतो कधी नाही. माझं पहिलं घड्याळ सेम असंच होतं म्हणून सांगतो.

डिले संपल्यावर डिस्प्लेला आकडे पाठवायला, बटणं वाचायला जो वेळ जातो तो कुणी मोजतच नाही, तो साठत जातो. हे मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं फंक्शन) वापरून सुटेल. पण उनो आर३ या आर्डुइनो बोर्डवर मेन चिपला वेळेचा ठोका द्यायला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, त्याहून कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्यात अर्धा टक्का इकडेतिकडे होऊ शकतं आणि अर्धा टक्का ऐकायला काहीच वाटत नाही पण दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ४३२ सेकंद, सात मिनिटं गेली की! म्हणून कोडमध्ये खाडाखोड करत बसू नका (मी आठवडाभर बसलेलो, १००० चं ९९७ कर, मग ९९८ कर), सरळ डीएस३२३१ चं आरटीसी मॉड्यूल (फक्त वेळ सांभाळणारी वेगळी चिप) लावा. क्रिस्टल आतच असतो, तापमान बदललं तरी सावरून घेतो, वर्षाला मिनिटभर फरक. वायरी चारच: ५ व्होल्ट, ग्राउंड, एसडीए (डेटाची पिन) ए४ ला, एससीएल (क्लॉकची पिन) ए५ ला. एक बघा, स्वस्तातल्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं आणि आपण घालतो सीआर२०३२ हा बटण सेल, जो चार्ज करायचा नसतोच. डायोडशेजारचा २०१ लिहिलेला रेझिस्टर काढून टाका.

मी पुढे अजून एक घोळ घातला. वेळ सेट करायची ओळ सेटअपमध्ये (बोर्ड चालू किंवा रिसेट झाला की एकदा चालणारा भाग) तशीच राहिली, ती कोड कंपाइल केला तेव्हाची वेळ घालते, रात्री तीनला यूएसबीची पिन हलली, बोर्ड रिसेट झाला आणि सकाळी ऊन आलं तरी घड्याळात रात्रीचे सव्वाअकरा. अलार्म कुठला वाजतोय! आरटीसीची पॉवर गेलेली असेल तरच वेळ सेट करा, लायब्ररीत त्याचं फंक्शन आहे.

आता अलार्म. तुम्ही बहुतेक तास, मिनिट आणि सेकंद शून्य असं तपासताय. लूप (कोडचा सतत फिरणारा भाग) नेमका त्या सेकंदाला डिलेत अडकला की तो सेकंद हुकतो आणि अलार्म गेला. फक्त तास-मिनिट बघा आणि आज वाजवलाय का याचा एक फ्लॅग (हो-नाही लक्षात ठेवणारा व्हेरिएबल) ठेवा, नाहीतर बंद केला तरी ते मिनिट संपेपर्यंत परत परत वाजेल. स्नूझचा अलार्मही असाच हुकतो, ६:५५ मध्ये ९ मिळवले की ६:६४, ही वेळ जन्मात येत नाही. मी सगळं मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत ठेवतो आणि बेरजेला १४४० ने भागून बाकी घेतो.

बझर पॅसिव्ह (स्वतःहून आवाज न काढणारा) असेल तर पिनला नुसता हाय (सलग व्होल्टेज) दिला की एकदा टक् करून गप्प बसतो, त्याला टोन फंक्शन लागतं. तेही चेक करा.