विदर्भातल्या खेड्यातून येऊन हाय एनर्जी फिजिक्स किंवा गॅमा रे ॲस्ट्रोफिजिक्समध्ये रिसर्च करता येतो का? घरचे बीएड कर म्हणतात.

करता येतो. झालं उत्तर.

पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "घरचे म्हणतात रात्रभर आकाश पाहून कोणाचं पोट भरलं", त्यानं माझी जुनी खपली निघाली. हेच वाक्य जवळपास याच शब्दांत माझे भाऊजी मला 2009 पासून ऐकवून राहिले, म्हणून जरा लांबण लागेल, घाई असेल तर शेवटून तिसरा परिच्छेद वाचा आणि निघा.

मी वरुडकडचा. संत्र्याचा पट्टा म्हणतात, पण आमच्या घरी संत्रा नव्हता, पऱ्हाटी, तूर, आणि विहिरीनं साथ दिली तर हरभरा. झेडपीची शाळा, तालुक्याचं कॉलेज, सगळं मराठीतून. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, सहा महिन्यांत पेपर वाचता येतात, फिजिक्सच्या पेपरमध्ये फिरून फिरून तेच दोन-तीनशे शब्द असतात. गणिताचं टेन्शन घ्या, ते कोणीच सांगत नाही.

हरभरा घाट्यावर आला की जागलीला जावं लागायचं, रानडुकरं आणि रोही. मी आणि मोठे बाबा. मचाणावर घोंगडी, एक बॅटरी, एक रिकामा डबा वाजवायला. मोठे बाबा घड्याळ नव्हते घालत, तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) कुठं आलं ते पाहून चहाची वेळ सांगायचे. आणि त्यांचा एकच नियम होता, मचाणावर बसून आरडाओरडा करायचा नाही, खाली उतरायचं आणि धुऱ्यानं पूर्ण चक्कर मारायची. थंडीत कोण उतरते? मी वरूनच बॅटरी फिरवायचो आणि सांगायचो, काही नाही बाबा, सगळं ठीक आहे. एकदा सकाळी पाहतो तर खालच्या अंगाच्या सात-आठ ओळींत डुकरं लोळून गेलेली. मोठे बाबा एवढंच बोलले, "ठीक हाय म्हनलं का पाहून म्हनलं?"

हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

2012 ला मी पीएचडीला लागलो. विषय क्रॅब नेब्युला, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष, आणि त्याचे टीईव्ही गॅमा रे, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा प्रकाश (एक टीईव्ही म्हणजे लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, जीईव्ही त्याचा हजारावा भाग). दुर्बीण एका डोंगरावर होती, जागेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी माती खाल्ली ती माझी आहे, त्या जागेची नाही. आमच्या घरी गॅमा म्हटलं की गामा पैलवान, त्यामुळे दोन वर्षं मी कुस्तीवर पीएचडी करून राहिलो असाच अर्ध्या गावाचा समज होता. माय वेगळ्याच कारणानं नाराज. चेरेन्कोव्ह दुर्बिणीचं काम अंधाऱ्या रात्री चालते, चांदणं पडलं की कॅमेऱ्यातल्या फोटोमल्टिप्लायर नळ्यांना ते झेपत नाही, म्हणून आमची खरी ड्युटी अमावास्येच्या आगेमागे. "अमावास्येले कोनी कामाले लागते का बावा?" प्रत्येक महिन्यात एकदा हा फोन.

बीएस्सीला आहात म्हणजे चेरेन्कोव्ह प्रकाश माहीत असेलच, हवेत प्रकाश जितका जोरात जातो त्यापेक्षा जोरात एखादा भारित कण धावला की पडतो तो. गॅमा किरण जमिनीपर्यंत येत नाही, वर हवेतच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्यांचे परत गॅमा, परत जोड्या, असा धबधबा होतो. याचं गणित होमी भाभा आणि हाइटलर यांनी 1937 मध्येच मांडून ठेवलंय. त्या धबधब्याचा निळसर प्रकाश खाली येतो तो काही नॅनोसेकंद टिकतो, तेवढ्यात फोटो काढायचा. आता गंमत अशी की एक गॅमा आला तर प्रोटॉन वगैरेचे हजारावर झोत येतात आणि तेही असाच प्रकाश पाडतात. मग फोटोचा आकार बघायचा. गॅमाचा फोटो तांदळाच्या दाण्यासारखा लांबट, बारीक, आणि त्याचा अक्ष कॅमेऱ्याच्या मध्याकडे रोखलेला. प्रोटॉनचा फोटो म्हणजे शेणाचा पो, कसाही पसरलेला, कुठंही तोंड केलेला. दाण्याचा अक्ष मध्याच्या दिशेपासून किती ढळला तो कोन म्हणजे अल्फा. गॅमा असले तर शून्याजवळ गर्दी दिसते. हे 1989 मध्ये ॲरिझोनात व्हिपल दुर्बिणीवर क्रॅबवरच पहिल्यांदा पक्कं झालं, तिथून हे शास्त्र उभं राहिलं.

आणि तरी नुसता फोटो पाहून भागत नाही. आधी दीड तास क्रॅबकडे पाहायचं, मग दुर्बीण मागे नेऊन आकाशातला तोच रस्ता परत दीड तास, पण आता तिथं क्रॅब नाही, रिकामं आकाश. पहिल्यातून दुसरं वजा. उरलं ते क्रॅबचं.

जानेवारी 2014. माझी एकट्याच्या जिवावरची पहिली शिफ्ट. कंट्रोल रूममध्ये हीटर, बाहेर दात वाजवणारी थंडी. तिथल्या जुन्या ऑपरेटरनं शिकवलं होतं की दर अर्ध्या तासाला बाहेर जायचं, कृत्तिका पाहायची, सहा चांदण्या मोजता आल्या तर आकाश चांगलं, चारच दिसल्या तर वर पातळ ढग आहे, डोळ्याला दिसत नाही पण आहे, तसं रजिस्टरमध्ये लिहायचं. पहिल्या दीड तासात मी इमानदारीनं गेलो. सहाच्या सहा. मग चहा घेतला, हीटरजवळ बसलो, आणि पुढचे तिन्ही रकाने बसल्या जागी भरले. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ.

सकाळी डेटा चालवला. आमची दुर्बीण लहान, दीड तासात क्रॅब दीड-दोन सिग्मा द्यायचा (सिग्मा म्हणजे आकडा नुसता योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप), माझ्याकडे सात आले. सात! आता तुम्हाला पार्श्वभूमी सांगतो. क्रॅब म्हणजे 1054 मध्ये चिनी लोकांनी पाहिलेल्या सुपरनोव्हाचं उरलंसुरलं, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर, आणि तो इतका स्थिर की बाकी सगळे स्रोत त्याच्या मापानं मोजतात. पण 2010 च्या सप्टेंबरमध्ये उपग्रहांना तो जीईव्हीमध्ये अचानक भडकलेला सापडला होता, सगळ्या जगात खळबळ. टीईव्हीमध्ये मात्र असं भडकणं कोणाचंच पक्कं झालं नव्हतं. आणि इथं वरुडच्या पोट्ट्याकडे सात सिग्मा.

माझ्या गाईड सरांना सांगायच्या आधी मी घरी फोन केला. इथंच चुकलो.

फोन भाऊजींनी उचलला. भाऊजी शिक्षक, बीएड, गावात मान, मला पहिल्यापासून म्हणायचे, "साळेबुवा, रातीच जागाचं होतं तं वावरातच जागाले काय झालं होतं, हरभरा तरी वाचला असता." त्या दिवशी मात्र माणूस एकदम फुलला. दुपारपर्यंत वार्ताहर घरी. तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर आठ बाय सहाचा फ्लेक्स, माझा बारावीच्या हॉल तिकीटवरचा फोटो, आणि खाली "गामा किरणांचा शोध लावल्याबद्दल गावच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन". शुभेच्छुक म्हणून भाऊजी गॉगल लावून.

इकडे सरांनी माझा अल्फाचा प्लॉट पाच मिनिटं पाहिला. काहीच बोलले नाहीत. मग पेन्सिल शून्यावरून सरकवत सरकवत पार उजवीकडे नेली, साठ-सत्तर डिग्रीला, आणि विचारलं, "हे जास्तीचे कोण आहेत?" मी पाहिलं. जास्तीची संख्या फक्त शून्याजवळ नव्हती, सगळीकडे सारखी होती. गॅमा असते तर डावीकडेच ढीग लागला असता. मग त्यांनी ट्रिगर रेट काढायला लावला, दर मिनिटाला किती झोत ते. क्रॅबच्या दीड तासात रेघ सपाट, आणि रिकाम्या आकाशाच्या दीड तासात ती जिना उतरल्यासारखी खाली खाली. ढग आला होता. ढगानं प्रकाश खाल्ला, रिकाम्या आकाशाचा आकडा कमी पडला, वजाबाकी फुगली. क्रॅब होता तिथंच होता. सरांनी रजिस्टर उघडलं. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. "तुम्ही बाहेर गेला होतात?"

सरांपेक्षा मला मोठ्या बाबांचंच वाक्य ऐकू आलं, खोटं सांगत नाही.

ती रात्र डेटामधून काढून टाकली. मला कोणी काढलं नाही, ओरडलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं. पुढची तीन वर्षं मी प्रत्येक अर्ध्या तासाला बाहेर गेलो, आणि माझ्या थीसिसमध्ये खराब रात्री कशा ओळखायच्या यावर एक अख्खं प्रकरण आहे, जे परीक्षकांनी सगळ्यात जास्त वाचलं. भाऊजींना सांगितलं की ते चुकीचं निघालं. ते म्हणाले, "म्हंजे ढग शोधला तू." झालं, तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीत, "हे आमचे साळेबुवा, ढगाचे शास्त्रज्ञ." वर "तुह्या गॅमानं तुरीचा भाव वाढते का" हे तर पालुपदच.

तर उपयोगाचा मुद्दा, जो तुमच्याही घरचे काढतील. उटीला ग्रेप्स-3 नावाचा प्रयोग आहे, त्यात 3,712 चौकोनी लोखंडी नळ्या लावून 560 चौरस मीटरवर म्युऑन, म्हणजे अंतराळातल्या किरणांमुळे हवेत तयार होणारे भारित कण, मोजतात. 1 डिसेंबर 2014 ला वरून वादळ गेलं, म्युऑनची संख्या किंचित कमी झाली, आणि तेवढ्यावरून त्या ढगात 130 कोटी व्होल्टचा फरक होता हे निघालं. आपल्याकडे दर पावसाळ्यात वीज पडून वावरात माणसं मरतात, त्या ढगाच्या पोटात काय असते हे असं कळते. मी हे भाऊजींना सांगितलं, तर म्हणे मग वीज थांबते का. नाही थांबत. ढगाचा व्होल्टेज मोजणाऱ्यांना मात्र कोणी ढगाचे शास्त्रज्ञ म्हणून हसत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि खरं सांगू, मला उपयोगावर वाद घालायचाच नसतो, भाऊजी सलग चार तास क्रिकेट पाहतात तेव्हा तुरीचा भाव वाढते का?

अजून एक. हाय एनर्जी म्हटलं की सगळ्यांना फक्त सर्न दिसते, जिनिव्हाजवळची कणांची टक्कर लावणारी प्रयोगशाळा, 27 किलोमीटरचा बोगदा. भारत 2017 पासून तिथं असोसिएट मेंबर आहे, जा, चांगलंच आहे. पण तिथली टक्कर 13.6 टीईव्हीची, आणि 2021 मध्ये चीनच्या ल्हासो प्रयोगानं हंस तारकासमूहाच्या दिशेनं आलेला एकच फोटॉन पकडला तो 1,400 टीईव्हीचा. आपल्याकडचे लोक नागपंचमीला नागद्वारला आणि महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागडला जातात, त्याच पचमढीत मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेनं 25 दुर्बिणी मांडल्या होत्या, प्रत्येकीला सात आरसे. आमच्या गावातून वर्षाला दोनदा गाड्या भरून जातात तिकडे, कोणाला पत्ता नाही. आता मोठं काम लडाखमध्ये हानलेला. तिथं 4,270 मीटर उंचीवर 21 मीटर व्यासाची मेस आहे (जेवणाची नाही, गॅमा दुर्बीण), बीएआरसीनं (भाभा अणुसंशोधन केंद्र) उभी केली, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं. तुमची पिढी नशीबवान, आमच्या वेळी ती नुसती प्रेझेंटेशनमध्ये होती.

बरं, कामाचं. एमएस्सी नागपूर-अमरावतीतून केली तरी काही बिघडत नाही, जॅममधून (एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) चांगल्या ठिकाणी नंबर लागला तर उत्तम. मग पीएचडीसाठी जेस्ट, टीआयएफआरची परीक्षा, नेट, गेट, या सगळ्या परीक्षा द्या, एकीवर बसू नका. प्रोग्रॅमिंगमध्ये पायथन आजपासून, सी++ आणि रूट (सर्नचं डेटा तपासायचं सॉफ्टवेअर) नंतर. स्टॅटिस्टिक्स, स्टॅटिस्टिक्स, स्टॅटिस्टिक्स. जेआरएफला (पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप) 2023 पासून महिन्याला 37,000 मिळतात, घरी सांगताना हा आकडा आधी सांगा, बिग बँग नंतर. ब्लॅक होलचे व्हिडिओ पाहून येत असाल तर येऊ नका, इथं निम्मं आयुष्य आपला आकडा खोटा तर नाही हे तपासण्यात जाते.

आता जे आधी सांगायला पाहिजे होतं ते. मी पीएचडी झालो, एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) केली, आणि आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे भाऊजींचा पगार माझ्या कितीतरी पट आहे आणि तो दर महिन्याला येतो. त्यामुळे घरचे बीएड म्हणतात ते अगदीच मूर्खपणाचं नाही. घरावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न बाकी असेल, तर आधी त्याचा हिशोब करा. माझ्या बॅचचे दोघं जर्मनीत आहेत, एक बँकेत डेटाचं काम करते आणि आम्हा सगळ्यांत तिचंच बरं चाललंय.

तो फ्लेक्स अजून आहे. मायनं तो कुटारावर झाकायला घेतला, माझं तोंड खालच्या बाजूनं, कारण तो भाग फाटला नाही म्हणे. भाऊजी गॉगलसकट वर आहेत, दहा-बारा पावसाळे अंगावर घेऊन. भाऊजी, हे वाचून राहिले असाल तर या उन्हाळ्यात हानलेला चला माझ्यासोबत, तिकीट मी काढतो. बाहेर जाऊन कृत्तिका तुम्ही मोजायची.