वाचकांचे प्रश्न : टॉनी नेमके काय म्हणाले?

ब्रिटिश आर्थिक इतिहासकार आर. एच. टॉनी यांच्याविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. निम्म्यांहून अधिक पत्रांत गैरसमज एकच आहे. प्रत्येकाला वेगळे कळवण्यापेक्षा निवडक पत्रांना इथेच उत्तरे देते.

प्रश्न : टॉनी यांचा जन्म भारतात झाला, हे खरे का? (नाशिक)

खरे. ३० नोव्हेंबर १८८०, कलकत्ता. वडील चार्ल्स हेन्री टॉनी तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य होते. ‘कथासरित्सागरा’चा इंग्रजी अनुवाद त्यांचाच.

प्रश्न : बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये टॉनींचे शिष्य होते, असा मेसेज फिरतो आहे. भाषणात सांगू का? (नांदेड)

सांगू नका. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांचे मार्गदर्शक एडविन कॅनन होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या १९२३ च्या ग्रंथाला प्रस्तावनाही कॅनन यांचीच आहे आणि त्यांनी तीत आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले आहेत. टॉनी त्याच सुमारास त्याच संस्थेत शिकवत होते, एवढ्यावरून गुरुशिष्याचे नाते जोडता येत नाही. बाबासाहेबांच्या लंडनमधील शिक्षणाविषयी व्यासपीठावरून बोलायचे असेल, तर आधी एखाद्या जाणकार आंबेडकर-अभ्यासकाला भेटा. फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर विसंबू नका.

प्रश्न : टॉनींच्या संशोधनाला टाटांचा पैसा होता म्हणतात. समाजवाद्याला उद्योगपतीचा पैसा कसा चालला? (मुंबई)

पैसा होता. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी दारिद्र्याच्या अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला देणगी दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या रतन टाटा फाउंडेशनचे टॉनी पहिले संचालक झाले. १९१३ च्या उद्घाटनाच्या व्याख्यानातच त्यांनी स्पष्ट केले, की विचारी श्रीमंत ज्याला दारिद्र्याचा प्रश्न म्हणतात, त्याला विचारी गरीब तितक्याच न्यायाने श्रीमंतीचा प्रश्न म्हणतात. देणगी घेऊन जीभ आखडली, असे इथे झालेले नाही.

त्या पैशातून झालेला १९१४ चा अभ्यास साखळ्या घडवणाऱ्या कामगारांचा आहे. इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ भागात बायका घरामागच्या लहानशा भट्टीवर लोखंडी सळई तापवून हातोड्याने एकेक कडी ठोकत. १९०९ च्या कायद्याने वेतन मंडळ नेमले आणि पुढच्या वर्षी बायकांना तासाला अडीच पेन्स दर ठरला. कायद्यात सहा महिन्यांची पळवाट होती : कामगाराने लेखी मान्यता दिली, तर तेवढे दिवस कमी मजुरी देता येई. मालकांनी तसे कागद पुढे केले आणि धड वाचता न येणाऱ्या बायकांकडून सह्या घेतल्या. हा चलाखीचा प्रकार वाचताना आजही संताप येतो. बायकांनी सुमारे दहा आठवडे झुंज दिली आणि दर मिळवला. कायद्याने मजुरी वाढली की धंदा बसतो, ही ओरड टॉनींना तिथे खरी ठरलेली दिसली नाही. मात्र हा निष्कर्ष उचलून आपल्याकडच्या किमान वेतनाला चिकटवू नका. त्यासाठी कामगार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाशी बोला.

प्रश्न : ‘प्रॉटेस्टंट धर्मामुळे भांडवलशाही जन्मली, हे वेबर व टॉनी यांनी सिद्ध केले.’ नेट परीक्षेच्या मार्गदर्शिकेतले हे विधान बरोबर आहे ना? (कोल्हापूर)

नाही. सर्वांत जास्त पत्रे याच ओळीवर येतात. गाइडवाले दरवर्षी मुखपृष्ठ बदलून ‘सुधारित आवृत्ती’ विकतात आणि ही ओळ तशीच राहते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखा पाहा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचा मूळ जर्मन निबंध १९०४-०५ चा. टॉनींनी १९२२ मध्ये व्याख्याने दिली आणि त्यांचे ‘रिलिजन अँड द राइज ऑफ कॅपिटॅलिझम’ हे पुस्तक १९२६ मध्ये आले. वेबर यांचा इंग्रजी अनुवाद निघाला १९३० मध्ये, तोही टॉनींच्या प्रस्तावनेसह. तेव्हा ‘वेबरचा अनुवाद वाचून टॉनींनी लिहिले’ हे कालक्रमातच बसत नाही.

आता मुद्दा. भांडवली वृत्ती पंधराव्या शतकातल्या व्हेनिस-फ्लोरेन्समध्ये, दक्षिण जर्मनीत आणि फ्लँडर्समध्ये भरपूर होती, म्हणजे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या आधी, कॅथलिक मुलखात. हे टॉनी स्वतः बजावतात. त्यांचा प्रश्न निराळा होता. रास्त भाव कोणता, व्याज केव्हा पाप, गरिबाला नाडणाऱ्याचे काय करायचे, हे सांगणे एके काळी चर्च आपले काम मानत असे. ते काम त्याच्या हातून कसे सुटले?

इंग्लंडमधला व्याजाचा कायदाच घ्या. १५४५ मध्ये १० टक्क्यांपर्यंत व्याजाला मोकळीक मिळाली. १५५२ मध्ये ती काढून व्याजाला सरसकट बंदी आली. १५७१ मध्ये पुन्हा १० टक्क्यांपर्यंत वाट खुली झाली. पुढच्याच वर्षी टॉमस विल्सन यांचा सावकारीविरुद्धचा ग्रंथ निघाला. टॉनींनी तो १९२५ मध्ये लांबलचक प्रस्तावना लिहून पुन्हा संपादित केला. एका पिढीत कायदा तीनदा फिरतो, यावरून आतली ओढाताण कळते. खुद्द प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने व्याजाला वाट दिली ती अनेक अटी घालून, आणि त्याच्या जिनिव्हात व्यापाऱ्यावर कडक धार्मिक पहारा होता. पुढे १६७३ मध्येही रिचर्ड बॅक्स्टरसारखा प्युरिटन, म्हणजे कडव्या इंग्लिश प्रॉटेस्टंट पंथातला, धर्मोपदेशक जमीनमालकाला आणि व्यापाऱ्याला गरिबाला पिळण्याचे पाप समजावून सांगतो आहे. म्हणजे प्युरिटन पंथातच शिस्त आणि व्यक्तिवाद दोन्ही होते. व्यापाराला दुसरे सोयीचे होते आणि तेच टिकले. दारिद्र्य हा गरिबाच्याच स्वभावाचा दोष, हे मत मग रुळले. चर्चने या विषयावर विचार करणेच सोडले, म्हणून त्याचे कोणी ऐकेनासे झाले, हे टॉनींचे खरे दुखणे आहे. स्वतः श्रद्धावान माणसाने केलेली ही तक्रार आहे. एका ओळीच्या नोट्समध्ये नेमकी हीच गाळली जाते.

टॉनींच्या अनेक निष्कर्षांवर पुढच्या इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत. परीक्षेत काय लिहायचे ते आपल्या प्राध्यापकांना विचारा; पण विचारायला जाताना मूळ पुस्तकाचे निदान पहिले प्रकरण वाचून जा.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. टॉनी वाचून समाजवादी झालो, तर ते धर्माला धरून होईल का? (वसई)

टॉनी अँग्लिकन, म्हणजे कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचे होते. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले विल्यम टेम्पल त्यांचे शाळेपासूनचे मित्र. देवावर श्रद्धा असल्याशिवाय मानवी समतेवर श्रद्धा ठेवता येत नाही, अशी नोंद टॉनींनी आपल्या खासगी वहीत केली होती. कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण मात्र स्वतंत्र आहे. १८९१ च्या पोपच्या परिपत्रकाने कामगारांच्या हक्कांची बाजू घेतली आणि समाजवाद नाकारला. १९३१ च्या परिपत्रकाची भाषा त्याहून कडक आहे. तुमच्या श्रद्धेचा प्रश्न मी सोडवणे योग्य नाही. आपल्या धर्मगुरूंशी बोला.

प्रश्न : समता म्हणजे सर्वांना सारखा पगार, असेच ना त्यांचे म्हणणे? (सोलापूर)

नव्हे. सर्वांची कुवत सारखी असते, असे ते कुठेच म्हणत नाहीत. शिक्षण, आरोग्य आणि कामाच्या ठिकाणचा अधिकार यांत वर्गावर्गांतली दरी समाजाने बुजवावी, हा त्यांचा आग्रह. ‘हुशार असेल तो वर येईलच’ या युक्तिवादावर १९३१ च्या ‘इक्वॉलिटी’त त्यांनी बेडकाच्या पिलांचा दाखला दिला आहे : हजारो पिले डबक्यातच मरतात आणि त्यांनी समाधान मानायचे ते एवढेच, की एखादे बेडूक होऊन काठावर उडी मारेल.

प्रश्न : त्यांनी सरदारकी नाकारली होती का? (पुणे)

हो, पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी देऊ केलेली. पहिल्या महायुद्धात अधिकारपदही नाकारून ते साधे शिपाई म्हणून भरती झाले. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत सार्जंट असताना जबर जखमी झाले.

प्रश्न : पीएच.डी.साठी टॉनी हा विषय घेतला आहे. आराखडा महिन्याभरात द्यायचा आहे, पुस्तके अजून वाचलेली नाहीत. तयार आराखडा करून देणारे एक जण भेटले आहेत. (छत्रपती संभाजीनगर)

त्यांना एक रुपयाही देऊ नका. असला आराखडा मार्गदर्शकाच्या पहिल्या चार प्रश्नांत उघडा पडतो. आजच मार्गदर्शकांना भेटून वाचन झालेले नाही हे सांगा आणि मुदत वाढवून मागा. वाचनाला ‘द अक्विझिटिव्ह सोसायटी’पासून सुरुवात करा, १९२१ चे हे पुस्तक आकाराने लहान आहे. सोळाव्या शतकातल्या शेतजमिनीवरचा १९१२ चा ग्रंथ त्यानंतर घ्या, तो जड जातो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दोन्ही नसतील, तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याची सोय आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. मागवलेले पुस्तक यायला वेळ लागतो, म्हणून ही चौकशी याच आठवड्यात करा.