रोज एक फोटो

प्रश्न : रोजचा एक फोटो काढायचं ठरवते पण दहाव्या दिवशी बंदच पडतं, रोज वेगळं काय काढणार?

उत्तर : ताई, वेगळं नकोच! न्यूयॉर्कच्या जेमी लिविंगस्टन या फोटोग्राफरने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच छापून निघणारा फोटो, काढला, थेट २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, त्याच्या ४१व्या वाढदिवशी कॅन्सरने तो गेला तोवर. त्यात मित्रमंडळी आहेत, साधे दिवस आहेत, शेवटी हॉस्पिटलही आहे. माझ्याकडे आईच्या ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्याचा फोटो आहे, कडेला साय चिकटलेली, आता ते घरच राहिलं नाही म्हणून तोच सारखा उघडून बघते. चहाच्या वेळी समोर दिसेल ते काढा, आणि बॅकअप मात्र दर महिन्याला घ्याच.