४२९४९६७२९७ मूळ संख्या नाही, हे हाताने कसं दाखवायचं?

तुम्ही विचारलंय की ४२९४९६७२९७ मूळ नाही हे कॅल्क्युलेटरशिवाय दाखवता येतं का, आणि ६४१ हा तिचा अवयव कुणाला सुचला तरी कसा. दाखवता येतं, तेही फळ्याच्या एका कोपऱ्यात. मी मुलांना गणित शिकवते आणि ही माझी फार लाडकी संख्या आहे.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही मालिका पाहिली. २ चा घातांक दर वेळी दुप्पट करायचा (१, २, ४, ८, १६) आणि उत्तरात १ मिळवायचा. पाचही मूळ! मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याला मनापासून वाटलं. सिद्धता नव्हती. लगेच पुढची संख्या तुमची, आणि १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ती फोडली: ६४१ × ६७००४१७.

सरधोपटपणे भागत बसलात तर ६५५३६ पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या तपासाव्या लागतील. ऑयलरच्या लक्षात आलं की हिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरायला हवी. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकाराला बाकी शून्य! वहीत करून बघाच.

एवढाही भागाकार नको असेल तर ६४१ दोन तऱ्हांनी लिहा: ६४० + १ आणि ६२५ + १६. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी −१ धरता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. आता ६४० म्हणजे ५ × १२८, तेव्हा तो चौथा घात झाला ६२५ × (२ चा २८ वा घात). ६२५ च्या जागी −१६ घाला, कारण दोघांत फरक बरोबर ६४१ चा आहे. गुणाकार होतो उणे (२ चा ३२ वा घात), आणि त्याचीही बाकी १. म्हणजेच २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ६४१ ने निःशेष भाग जातो. मुलांसमोर ही शेवटची ओळ लिहिताना मला अजूनही दर वेळी तितकाच आनंद होतो.

आणखी एक पुरावा आहे. विषम मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आलीच, तर एकाच तऱ्हेने येते. ही मात्र दोन तऱ्हांनी येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९².

हिच्याहून दोनने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही शेजारीणही बघा. ती म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, फर्माच्या त्याच पाच मूळ संख्यांचा गुणाकार. ६५५३७ च्या पुढे अशी मूळ संख्या आजवर एकही सापडलेली नाही.